खरखर

हिवाळ्यात उलानबातरमध्ये फोन मरतात.
मरत नाहीत खरं तर, गारठतात.
ऐंशी टक्के दाखवणारा फोन
बसथांब्यावर खिशातून काढला की तिसऱ्या मिनिटाला काळा.
लोक जिना चढून धापा टाकत येतात माझ्या गाळ्यावर,
भुवयांवर बर्फ तसाच.
मी फोन घेते, काखेत धरते,
मिठाच्या दूधचहाचे चार घोट होईतो थांबते,
चालू करून परत देते.
याचे पैसे घेत नाही.
समोरचा त्सोग्झोल कव्हरं विकतो, तो म्हणतो,
उबेचं बिल लावलं असतंस
तर एव्हाना गाळा स्वतःचा असता.

गोंबोसुरेनकडे दोन फोन होते.
एक नवा, खोक्यातला, काचेवरची फिल्मही न सोललेला,
मुलीने इंचॉनहून पाठवलेला.
दुसरा बटणांचा. पाचाचं बटण गेलेलं,
तिथे चामड्याची चकती चिकटवलेली.
डगल्याच्या दोन थरांखालून काढून
त्याने तो माझ्या हातावर ठेवला,
अंड्यासारखा गरम.
"याचा आवाज यात घाल."

आवाज म्हणजे रिंगटोन. कंपनीचीच, नऊ सुरांची,
त्यातले चार घशात अडकलेले.
स्पीकरची जाळी उघडली :
वाळू, लोकर, बारा वर्षांची तपकीर.
झाडली. थेंबभर स्पिरिट.
आतला पडदा फाटला होता, तोही बदलला,
आणि वाजवून दाखवली,
स्वच्छ, धुतल्या पेल्यासारखी.

त्याने टोपी काढली.
पुन्हा घातली.
"हा नाही," म्हणाला.

मग स्टूल ओढून बसला.
रेंज फक्त टेकडीवर, दगडांच्या राशीपाशी.
कारखान्याची पाळी सुटली की सोयोलमा फोन करते.
तिची वाट बघत तो तिथे उभा,
हातात मिठाची पिशवी, म्हणजे तेवढंच एक काम उरकतं.
पहिल्या वर्षी शेळ्या नुसत्या बघायच्या.
आता घंटी वाजली की दोनशे दहा जणी
डोंगराच्या पलीकडून पळत येतात.
सोयोलमाशी त्यांना काही देणंघेणं नाही.
बापलेक काय बोलतात, ऐकतही नाहीत.
एका गुरुवारी ती फोन करायला विसरली.
शेळ्या वरच राहिल्या.
दोन लांडग्याने नेल्या.
"तिला नाही सांगितलं," तो म्हणाला,
आणि माझ्या टेबलावरचा एक स्क्रू
उगाच उभा करत बसला.

"त्या खरखरीला ओळखतात.
हा तर कुणाच्याही खिशात वाजेल."

एकवीस वर्षं हे काम करते आहे.
बिघडलेलं नीट केलं, कधी जास्तच बिघडवलं,
पण नीट केलेलं परत बिघडवून द्या
असं कुणी म्हटलं नव्हतं.
कचऱ्याचा डबा उपडा केला.
फाटका पडदा सापडला, चिमट्याने बसवला.
वाळू खिडकीच्या फटीतून मिळाली, लोकर त्याच्या बाहीची.
तपकिरीची बाटली त्याने रीतीप्रमाणे
उजव्या हाताने पुढे केली,
मी हुंगून परत करायची ती
स्पीकरमध्येच झटकली.

वाजवली.
त्याचे कान टोपीखाली हलले, शपथेवर सांगते.

मग जुना नव्याशेजारी धरून आवाज भरायचा.
त्सोग्झोलला गाणी बंद करायला लावली.
पहिल्यांदा लिफ्ट आली,
दुसऱ्यांदा कुणीतरी चार्जरचा भाव विचारला,
तिसऱ्यांदा सगळं जमलं, आणि अगदी शेवटी
तपकीर उडून त्सोग्झोल शिंकला.
पुन्हा करूया म्हटलं,
तर जुन्याची बॅटरी संपलेली.

पावती मागितली त्याने, मुलगी हिशेब बघते म्हणून.
दुरुस्ती लिहू? दुरुस्ती तर नव्हती.
बराच वेळ पेन धरून बसले,
मग लिहिलं : स्पीकर, पूर्ववत. पंधरा हजार तुगरिक.

"आणि ती शिंक?" मी विचारलं. "शेळ्यांना चालेल?"

त्याने दोन्ही फोन छातीशी सारले,
पट्टा आवळला.
"मीठ असेल तर शिकतील."